टीव्ही कार्ड सापडत नाही

मला यंत्रांचा राग येत नाही असं म्हणणाऱ्या माणसानं कधी टीव्ही ट्यूनर कार्ड बसवलेलं नसतं. मी बसवलं आहे, वडीगोद्रीच्या आमच्या घरात, दोन हजार पाच-सहाच्या सुमाराला. त्याला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत मी जितक्या शिव्या दिल्या तितक्या त्याआधीच्या तीस वर्षांत दिल्या नसतील, आणि त्यातली एकही योग्य माणसाला दिली नाही.

कारण होतं आई. ती मोसंबीचे डोळे भरायची. म्हणजे जंबेरी लिंबाच्या रोपाच्या सालीला चाकूनं चीर द्यायची, तिच्यात मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा बसवायचा आणि वरून पट्टी गुंडाळायची. आमच्याकडं हे काम पुरुषांचं समजतात. पण आईनं भरलेला डोळा सहसा वाया जात नसे, म्हणून लांबलांबचे रोपवाटिकावाले तिला न्यायला जीप पाठवत. त्या थंडीत टीव्हीच्या शेती कार्यक्रमाचे लोक आले आणि तिचं शूटिंग करून गेले. मंगळवारी संध्याकाळी साडेसहाला दाखवू, एकदाच, असं सांगून गेले.

मी अंबडला कॉम्प्युटर शिकवायचो. त्यामुळं गावात रिमोटचे सेल संपले तरी मला बोलावणं यायचं. मी जाहीर करून टाकलं की आईचा कार्यक्रम मी कॉम्प्युटरमध्ये रेकॉर्ड करणार. शनिवारी जालन्याहून कार्ड आणलं. खोक्यावर 'डिजिटल' हा शब्द तीन ठिकाणी होता. कार्ड कॉम्प्युटरच्या आतल्या खाचेत बसवायचं, केबलची वायर त्याला जोडायची, सीडीवरचा ड्रायव्हर टाकायचा, की झालं, असं खोक्याचं म्हणणं.

झालं काहीच नाही. ड्रायव्हर म्हणे, कार्ड सापडत नाही. ते खाचेत बसलेलं मला दिसत होतं, माझ्या हाताला लागत होतं, आणि हा म्हणतो सापडत नाही. कॉम्प्युटरमधल्या हार्डवेअरच्या यादीत निदान पिवळं प्रश्नचिन्ह तरी यावं, तेही नाही. रविवारी मी कार्ड दुसऱ्या खाचेत घातलं, मग तिसऱ्या. सीडी सहा वेळा चालवली. सोमवारी रजा टाकून अख्खा कॉम्प्युटर फॉरमॅट मारला. त्यात विद्यार्थ्यांसाठी केलेल्या माझ्या दोन वर्षांच्या नोट्स गेल्या. कार्ड सापडलं नाही ते नाहीच.

जालन्याच्या दुकानदाराला फोन केला.

"सर, बराबर बसवलंय का?"

"बराबर बसवलंय."

"सीडी टाकली का?"

"अहो, मी कॉम्प्युटर शिकवतो."

"मंग तुमच्या कॉम्प्युटरातच काहीतरी असंल, सर. आपला माल बिलकुल चालू आहे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथं नाचणारा तो, आणि अंगण माझं.

मंगळवारी सहाला घर भरलं. शेजारच्या चार-पाच बाया, एक म्हातारा, माझे वडील, सगळे कॉम्प्युटरसमोर सतरंजीवर. आई नवं लुगडं नेसून बसली होती. घरात केबलची वायर एकच. ती मी टीव्हीची काढून कार्डाला लावली होती. वडील म्हणाले, "ती वायर टीव्हीला लाव. न्हाई झालं रेकॉर्ड तर न्हाई झालं. नुसतं पाहू."

"एकदा पाहून काय करायचं?" मी ओरडलो. "मी काय तमाशा करून राह्यलो का इथं? थांबा जरा."

सव्वासहाला बाया कुजबुजायला लागल्या. साडेसहाला पाच कमी असताना एकेक जण उठून शेजारी टीव्ही पाहायला गेला. वडीलही गेले. जाताना त्यांनी आईला खूण केली.

"तुम्ही व्हा पुढं," आई म्हणाली. "हा एकटा कसा करील? उजेड कोण धरील?"

टेबलाखाली अंधार होता आणि मी कॅबिनेट उघडून तिथं पालथा पडलो होतो. आई माझ्याजवळ उकिडवी बसली, हातात बॅटरी घेऊन. तिचा हात जरा हलला की मी खेकसत होतो. नीट धर. इकडं नाही, तिकडं. कळत नाही का? चाकूच्या टोकानं सालीतून डोळा सोडवणाऱ्या बाईला मी हात कसा स्थिर ठेवायचा ते शिकवत होतो.

मी कार्ड पुन्हा उपसून काढलं आणि ते पहिल्यांदाच उजेडात नीट पाहिलं. खाचेत जाणाऱ्या कडेला सोनेरी पट्ट्यांची रांग असते. त्यातल्या पाच-सहा पट्ट्यांवर लाल थर वाळून बसला होता.

आमच्या घरात नवीन वस्तू आली की वापरण्याआधी देवापुढं जाते. मोटर, शिलाई मशीन, मोपेड, सगळं. शनिवारी मी स्क्रू काढत होतो तेव्हा आईनं कार्ड देवापुढं नेऊन, पाण्यात कालवलेल्या हळदकुंकवाची बोटं त्याला लावली होती. सगळ्यात चकाकणारी जागा शोधून लावली होती. मी न बघता ते खाचेत दाबलं. तीन खाचा बदलल्या, कॉम्प्युटर पुसून कोरा केला, दुकानदाराशी भांडलो, पण कार्ड डोळ्यांसमोर धरून बघावं हे कॉम्प्युटर शिकवणाऱ्याला सुचलं नाही.

"हे काय आहे?" मी कार्ड तिच्या तोंडासमोर नाचवलं. "तुझं कुंकू. चार दिवस मी इथं मरून राह्यलोय, अन् हे तुझं कुंकू. कोणी सांगितल्तं तुला हात लावायला?"

त्याच वेळी भिंतीपलीकडून, शेजारच्या टीव्हीतून, आईचा आवाज आला. डोळा उलटा बसला तर झाड येत न्हाई, असं ती सांगत होती. पलीकडं कोणीतरी टाळी वाजवली. आईनं मान वर केली, आणि बॅटरीचा झोत कार्डावरून भिंतीवर गेला.

मी म्हणालो, "इकडं धर."

तिनं इकडं धरला.

केबलची वायर माझ्या मांडीवर पडली होती. ती टीव्हीला लावायला अर्धं मिनिट लागलं असतं. शेजारचं दार वीस पावलांवर होतं. हे दोन्ही मला तेव्हाही माहीत होतं. आता सुचलं असं म्हणायची सोय नाही. पण मला कळलेलं कारण बरोबर आहे की नाही ते पाहायचं होतं. मी पेन्सिलीचं खोडरबर घेऊन पट्ट्या घासल्या, कार्ड दाबलं, कॉम्प्युटर चालू केला. तो त्याच्या चालीनं उठला. नवीन हार्डवेअर सापडलं, अशी पाटी आली. ड्रायव्हर बसला. मी केबल जोडली आणि चॅनेल लावलं. पडद्यावर कोणी तरी खतांबद्दल सांगत होतं. चित्र एकदम स्वच्छ होतं.

"लागलं का रे?" आईनं विचारलं.

"लागलं."

"बरं झालं बाबा," असं म्हणून तिनं बॅटरी बंद केली.

शेजारच्या बाया हसत, बोलत परत आल्या. लुगडं कसं दिसत होतं, हात किती जवळून दाखवले, सगळ्या एकदम सांगायला लागल्या. त्यातल्या एकीनं आईला विचारलं, "तुम्ही पाह्यलं का पण?"

"ऐकलं की," आई म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.