साचा बाईंचा, सारण आपलं

कटरे बाईंनी माझं नाव विचारण्याआधी माझ्या टाचणवहीला समास आखून दिला. शाळेतला तो माझा पहिला दिवस. गोंदियाहून मोटरसायकलवर निघून, नागऱ्याच्या पुढचे खड्डे मोजत मी धुळीनं माखून ऑफिसात शिरलो. नमस्कार करायला हात जोडतोय तोच बाईंनी काखेतली कोरी वही काढून घेतली, टेबलावर पसरली, लाकडी पट्टी लावून तांबड्या पेनानं एक रेघ ओढली, तिच्यावर फुंकर मारली आणि वही परत देत म्हणाल्या, "आधी रेघ, मंग अक्षर. बसा जी. नाव काय म्हनलं तुमचं?" मी अजून काहीच म्हटलं नव्हतं.

शाळा तीन शिक्षकांची आणि बाई तिच्या मुख्याध्यापिका. माहेर केशोरीकडचं, त्यामुळे बोलणं अस्सल झाडीबोलीतलं. लग्न होऊन इकडे येऊन तीस वर्षं झाली तरी ते जराही बदललं नव्हतं. मी गोंदियाच्या बाजारातला, घरात निम्मी हिंदी. वर्गात माझ्या तोंडून 'लेकिन' निसटलं की व्हरांड्यातून आवाज यायचा, "सर, ते लेकिन घरी ठेवून येत जा!" मुलं हसायची आणि मीही हसायचो, कारण दुसरा इलाज नव्हता.

जून महिना म्हणजे बाईंचा रेघांचा महिना. हजेरी, पोषण आहार, आवक-जावक, प्रत्येक रजिस्टरची वर्षभराची पानं त्या स्वतः आखायच्या. छापील रजिस्टरं यायची, पण त्यांचे रकाने बाईंना पसंत नसत. "ह्या रकान्यात रामेश्वरी मावते काय? पोरीच्या नावाचं शेपूट बाहेर लटकून राहिलं!" आखलेल्या रकान्यात काही ना काही भरलेलं हवंच, हा दुसरा दंडक. रिकामी चौकट दिसली की त्या पेनाचं टोक तिथे टेकवायच्या. "कोरा रकाना म्हणजे आळशी मानसाची सही."

तिसरा कायदा फळ्याचा होता. बाईंनी फळ्यावर लिहिलेलं बाईंशिवाय कोणी पुसायचं नाही. माझ्या वेळी शिक्षा वगैरे इतिहासजमा झाल्या होत्या, पण गावातले चाळिशीतले बाप्ये पारावर बसले की एकमेकांना अजून विचारायचे, "तुनं किती डाव अंगठे धरले होते गा?" अख्खं गाव बाईंच्या हाताखालून गेलेलं. सरपंचसुद्धा बाई समोरून आल्या की तोंडातला खर्रा आधी थुंकून यायचे.

बाई निवृत्त व्हायला वर्ष उरलं होतं तेव्हाची गोष्ट. मी मोबाइलवर टाचण लिहीत होतो. फोनमध्ये लिखाणाचं एक ॲप होतं. त्यात एक पान एकदा आखून 'टेम्प्लेट' म्हणून ठेवून दिलं, की पुढच्या वेळी अधिकच्या खुणेवर बोट ठेवायचं, ते टेम्प्लेट निवडायचं, आणि तेच रकाने, तोच समास असलेलं नवं पान समोर हजर. बाई मागे उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी फोन दोन्ही हातांनी घेतला.

"म्हणजे एकडाव रेघ मारली का पुन्हा मारायचीच नाई?"

"नाही बाई."

"उद्या?"

"उद्याही नाही. कधीच नाही."

बाई खुर्चीत बसल्या. पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मंग मी एवढे वर्षं रेघा कायले मारल्या जी?"

उगाच दाखवलं असं वाटून मी खजील झालो. पण दुसऱ्याच क्षणी बाई अशा हसायला लागल्या की चौथीचा वर्ग खिडकीला लोंबकळला. "हा तं करंजीचा साचा हाये! दाबला का करंजी. साचा आपला, सारण ज्याचं त्याचं." टेम्प्लेट हा शब्द त्यांनी पुन्हा कधी उच्चारला नाही.

पुढचे सहा महिने बाईंनी साच्यांचा नुसता धडाका लावला. टाचणाचा साचा, रजेच्या अर्जाचा साचा, पालकसभेचा साचा. घरी भाऊराव, म्हणजे बाईंचे यजमान, यांच्या फोनवर आठवडी बाजाराचा साचा गेला: वांगी – काटेरी, बिनबियांची. कोथिंबीर – फुकट मागावी. भाऊराव मोठे थंड डोक्याचे. ते मला म्हणाले, "सर, हा साचा तीस वर्षं आधी आनला असता, तं लग्नाच्या आधी मीच येक पान भरून घेतलं असतं." पण ते बाजारात फोन डोळ्यांसमोर धरून वांगी निवडताना मी स्वतः पाहिले आहेत.

एक खोड मात्र साच्यातही राहिली. बाईंना कोरा रकाना बघवत नसे. म्हणून प्रत्येक साच्यात त्या उदाहरणादाखल काहीतरी भरून ठेवायच्या. मी म्हटलं, "बाई, साचा रिकामा असतो. ज्याचं त्यानं भरायचं." त्यावर त्या म्हणाल्या, "उदाहरन देल्याबगर पोट्ट्याले समजते काय? मास्तर कोन हाये, तुमी का मी?" मास्तर त्याच होत्या.

निवृत्तीनंतर पहिल्याच पावसाळ्यात बाईंना नवी शाळा सापडली. तुळशीराम नावाचा त्यांचा जुना विद्यार्थी तलावाजवळची जमीन ठेक्यानं करायचा. धानाची रोवणी आटोपल्यावर त्याच्या एका बांधीत, म्हणजे पाणी साठवलेल्या खाचरात, पिकाच्या मधोमध, सारसाच्या जोडीनं गवताचा ढीग रचून दोन अंडी घातली. बाईंना लहानपणापासून सारसांचं वेड. केशोरीला त्यांच्या वडिलांच्या बांधीत एकदा घरटं होतं. कुत्र्यांनी अंडी खाल्ली आणि जोडी परत आली नाही. ही गोष्ट त्या दर वर्षी चौथीला सांगायच्या. "यंदा असं होऊ द्याचं नाई," त्यांनी ठरवलं. तुळशीराम आणि शेजारचे तिघे अशी चौघांची राखण लावली. चौघेही त्यांचेच विद्यार्थी. रोज ज्याची पाळी त्यानं घरटं लांबून पाहायचं, पान भरायचं आणि बाईंनी केलेल्या ग्रुपवर पाठवायचं. त्या ग्रुपवर मीही होतो. साचा अर्थात बाईंचा. अंडी – दोन. पाणी – घोट्याएवढं. जोडी – जवळच. स्थिती – सर्व सुखरूप.

रोज सकाळी पान यायचं. अंडी दोन, पाणी घोट्याएवढं, जोडी जवळच, सर्व सुखरूप. तरी बाई मला फोनवर वाचून दाखवायच्या. "पाहा जी, कसे शिस्तीत लिहून राहिले! शाळेत असे लिहीत नव्हते."

मग झड लागली. तीन दिवस सूर्य दिसला नाही. चौथ्या दिवशी शाळेत येताना नाल्याचं पाणी माझ्या सायलेन्सरपर्यंत आलं. ऑफिसात बसून ओले मोजे पिळतोय तोच फोन वाजला आणि ग्रुपवर तुळशीरामचं पान आलं. पाणी – घोट्याएवढं. मी बाईंना फोन लावला.

"लिहिलं तं हाये सुखरूप," बाई म्हणाल्या. "पन सर, तुळशीराम आता घरावरून गेला. पायजमा मांडीवरी ओला होता त्याचा. या तुमी."

आम्ही पोचलो तेव्हा तुळशीराम धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या बांधावर, फावडं घेऊन उभा होता. पाणी घरट्याच्या कडेला लागलेलं. मादी अंड्यांवर बसून चोचीनं भोवतालचं गवत ओढून घरटं उंच करत होती आणि नर आमच्याकडे बघून गळा फाडून ओरडत होता. आणखी वीतभर पाणी चढलं असतं तर सगळं संपलं असतं.

"तुळशीराम! अन् घोटा लिहिला तू?"

"मी नाई लिहिलं बाई. ते तुमीच लिहिलं."

"मंग पुसलं काऊन नाई?"

तुळशीरामनं मान खाली घातली. चाळिशी ओलांडलेला, मुलीचं लग्न ठरलेला माणूस. "तुमचं लिहिलेलं कसं पुसाव जी? चौथीत पुसलं होतं येकडाव, तं दिवसभर अंगठे धरून होतो."

मला हसू आवरेना, पण बाईंचा चेहरा पाहून ते तोंडातच राहिलं. त्या पांढऱ्याफटक पडल्या होत्या. चौघांपैकी एकानंही इतक्या दिवसांत बाईंचं अक्षर पुसलं नव्हतं.

"धुरा फोड," त्या म्हणाल्या.

"सकाळपासून तेच इचार करून राहिलो. पन खाली तुमची बांधी हाये. फोडला तं तुमचं धान झोपते, बाई."

"धान झोपलं तं उठन. अंडं बुडलं तं उठते काय?" असं म्हणून बाईंनी पदर खोचला आणि त्याच्या हातातलं फावडं घेतलं. साठीला टेकलेली बाई चिखलात उभी राहून स्वतःच्याच शेतावर पाणी सोडत होती. मी आणि तुळशीराम हातांनी माती ओढत होतो. तेवढ्यात छत्री घेऊन भाऊराव आले. आपल्या बांधीचं तळं होताना त्यांनी शांतपणे पाहिलं. "हा रकाना माह्या यादीत नव्हता," ते म्हणाले, छत्री माझ्या हातात दिली आणि बाईंकडून फावडं घेऊन खणायला लागले.

दुपारपर्यंत पाणी उतरलं. बाईंचं धान आडवं झालं, त्यातलं निम्मंच पुन्हा उभं राहिलं.

संध्याकाळी बाईंनी मला थांबवून घेतलं. फोन काढला, साचा उघडला आणि एकेक उदाहरण पुसायला लागल्या. दोन गेलं, घोटा गेला, जवळच गेलं, सुखरूप गेलं. चार रिकाम्या चौकटी उरल्या. बोट परत परत तिकडे जायचं, त्या परत आवरायच्या. "मले वाटे, कोरा रकाना म्हणजे आळस," त्या म्हणाल्या. "चुकलं माहं. ती तुळशीरामची जागा होती अन् मी तिथं बसून होती." तीस वर्षांचा हट्ट माणूस एका संध्याकाळी सोडतो, हे मी दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही.

आठवड्यानं तुळशीरामचं पान आलं. अंडी – येक फुटलं, येक बाकी. पाणी – बरोबर. जोडी – नर माह्यावर लय चिडून हाये. स्थिती – पिल्लू मातीच्या रंगाचं हाये, बाई, तुमी लवकर या. दुसरं अंडं फुटलंच नाही. पण ते एक पिल्लू धान कापणीला येईपर्यंत आईबापांमागे धुऱ्याधुऱ्यानं चालत होतं आणि कापणीला आलेल्या बायका विळा थांबवून त्याला वाट देत होत्या.

पुढच्या वर्षी माझी बदली कोहमाऱ्याकडच्या शाळेत झाली आणि मी तिकडेच खोली घेतली. निघताना बाईंनी माझ्या फोनवर एक साचा पाठवला. दर रविवारी भरून पाठवायचा, असा हुकूम. तांबडा समास, खाली रकाने: जेवण, तब्येत, शाळा, पोरं. सगळे कोरे. फक्त शेवटचा भरलेला: स्थिती – सर्व सुखरूप. "हे काय बाई? पुन्हा उदाहरण?" मी चिडवलं. "तेवढं राहू द्या जी," त्या म्हणाल्या. "ते उदाहरन नाई, माही इच्छा हाये."

मी इमानदारीनं भरत होतो. जेवणात ढाब्याचं नाव लिहिलं की बाईंचा उलटा फोन यायचा. मग एका रविवारी मला सणकून ताप आला. आईबाबा बहिणीकडे रायपूरला, खोलीवर मी एकटा. उगाच कोणाला काळजी नको, म्हणून मी नवं पान काढलं आणि काहीच न लिहिता तसंच पाठवून दिलं. शेवटी 'सर्व सुखरूप' होतंच. काम भागलं, असं वाटून पांघरूण ओढलं.

दुपारी दार वाजलं. बाहेर कटरे बाई, मागे डबा आणि छत्री घेऊन भाऊराव. दोन बस बदलून आले होते.

"कसं कळलं बाई? मी तर सुखरूप लिहिलं होतं."

"तुमी कुठं लिहिलं? ते मी लिहिलं होतं. बाकीचे रकाने कोरे होते." त्यांनी माझ्या कपाळावर हात ठेवला. "पान पाह्यलं अन् मले तुळशीराम आठवला. म्हटलं, पानी मांडीवरी आलं."

भाऊराव डबा उघडत होते. बाईंनी उशीजवळचा माझा फोन घेतला, ते पान उघडलं आणि स्वतःची ओळ स्वतःच्या बोटानं पुसली. मग फोन माझ्या हातात दिला.

"लिही आता. खरं खरं."

इतक्या वर्षांत त्या मला पहिल्यांदा 'तुम्ही' सोडून बोलल्या होत्या. मी लिहिलं: स्थिती – ताप आहे, बाई आल्या आहेत.