गुरुनाथकाकांची रशियन दोस्ती

अमेरिकेतल्या पार्सिपनी गावात २००६ साली बातमी उठली की गुरुनाथकाकांनी साठीत एक रशियन बाई गाठली. बातमी चुकीची होती. काकांनी गाठली होती एका रशियन चित्रपटाची डीव्हीडी. शंभर वर्षांपूर्वीच्या दोन शास्त्रज्ञांच्या मैत्रीची कथा, आणि सबटायटल्सचा पत्ता नाही! पण काका तरुणपणी पोलादाच्या कारखान्यात रशियन इंजिनिअरांबरोबर राबलेले. त्यांनी मराठी मंडळात जाहीर केलं, "मी आहे ना! माईक द्या."

मंडळ तेव्हा नुकतंच पुन्हा जुळलं होतं. गणपती कुणाच्या गराजमध्ये बसवायचा, या जागतिक प्रश्नावरून ते दोन वर्षं फुटलेलं. आज दोन्ही गट एका हॉलमध्ये बसले होते. अर्थात, मध्ये एक रांग रिकामी सोडून.

एकेक संवाद मराठीत सांगता सांगता काका रंगात आले. शेवटी पडद्यावर दोघे मित्र एकमेकांवर ओरडू लागले, तेव्हा काका माईकवर कळवळून म्हणाले, "मित्रा, चूक माझीच रे!" हॉलभर नाकं ओढली गेली. रिकाम्या रांगेत दोन्हीकडची माणसं सरकली.

दिवे लागताच मंडळातल्या नीलाबरोबर आलेली ऑफिसातली रशियन मैत्रीण तिच्या कानाशी लागली. नीलाने सगळ्यांदेखत विचारलं, "काका, ते तर 'पुन्हा तोंड दाखवू नकोस' म्हणत होते! तुम्हाला रशियन येतं की नुसतीच ऐट?"

सगळा हॉल काकांकडे बघू लागला.

"येतं म्हणूनच बदललं," काका म्हणाले. "त्यांची दोस्ती तुटली ती तुटली. आपलं मंडळ जेवणाआधी कशाला फोडू?"