पुलासाठी दिलेलं मत

माझे वडील हाल्वर ट्वेटन सोळा वर्षं आमच्या भागाचे आमदार होते. लुंडबीत कुणालाही त्यांच्याबद्दल विचारलं तर तो नदीवरच्या पुलाकडे बोट दाखवेल. ते खरंच आहे. पण तो पूल कसा आला हे घरात मला माहीत होतं, आणि त्यातला माझा वाटाही मलाच माहीत आहे. म्हणून हे मी लिहायला हवं.

बाबा मुळात राजकारणातले नव्हतेच. गावच्या सहकारी डेअरीत ते मलई तपासायचे. शेतकरी सकाळी कॅन घेऊन यायचे, बाबा नळीत नमुना घ्यायचे आणि जे निघेल ते सगळ्यांसमोर पाटीवर लिहायचे. सख्ख्या मेव्हण्याच्या मलईत पाणी निघालं तेव्हा भर रांगेत त्यांनी तेही लिहिलं. हा आमचा एरिक मामा. दोन वर्षं तो आमच्याकडे जेवायला आला नाही. पण १९०८ साली उमेदवार शोधायची वेळ आली तेव्हा चर्चच्या तळघरात कॉफी पिता पिता त्यानंच बाबांचं नाव पुढे केलं. म्हणाला, "ज्यानं मला सोडलं नाही, तो राजधानीतल्या त्या लबाडांना काय सोडणार?" लोक हसले आणि बाबा निवडून आले.

एक गोष्ट मात्र रांगेतल्या कुणाला ठाऊक नव्हती. बाबा नॉर्वेहून आले तेव्हा एकोणीस वर्षांचे होते. इंग्रजी ते नीट बोलायचे, पण वाचताना ओळीवर बोट ठेवून एकेक शब्द जुळवावा लागायचा. विधानसभेत जाडजूड मसुदे हातात पडायचे. शेजारी बसलेला वकील दोन मिनिटांत पानं उलटून मोकळा व्हायचा. बाबाही मग पानं उलटायचे आणि वाचल्यासारखं करून मान हलवायचे.

नदी आमच्या गावाच्या मधूनच जाते. डॉक्टर आणि स्टेशन एका बाजूला, अर्धी शेतं दुसऱ्या बाजूला. तेव्हा दोरावर ओढायचा एक तराफा होता. १९१० च्या एप्रिलमध्ये, बर्फ वितळून नदी फुगलेली असताना, लार्स हौगन सुईणीला घेऊन पलीकडे निघाला. बर्फाचा तुकडा आदळून तराफा उलटला. दोघंही गेली. पलीकडे लार्सची बायको सुईणीची वाट बघत होती, तीही वाचली नाही. लार्सला पाण्यातून बाहेर काढणाऱ्यांत बाबा होते. ओल्या कपड्यांनिशी काठावर उभे राहून ते म्हणाले, "इथं पूल झाल्याशिवाय मी आमदारकी सोडणार नाही."

एका अधिवेशनात पुलाचा प्रस्ताव पडला. १९१३ च्या अधिवेशनातही पडणार अशी चिन्हं होती. तेव्हा दक्षिणेकडच्या शहराचे आमदार डॉक्टर प्रॅट बाबांना व्हरांड्यात भेटले. मोठा माणूस, सगळे त्यांना मान द्यायचे. त्यांनी बाबांच्या खांद्यावर हात ठेवला. "ट्वेटन, तुमचा पूल व्हायला हवा. माझ्याकडे आठ मतं आहेत. माझ्या विधेयकाला तुम्ही एक मत द्या, ही आठ तुमची."

त्या रविवारी बाबा घरी आले तेव्हा जेवताना त्यांनी हे सांगितलं. मी तेव्हा पंचवीस वर्षांची होते, गावच्या शाळेत शिकवत होते.

"विधेयक कसलं आहे?" मी विचारलं.

"आरोग्याचं. मंदबुद्धीच्या लोकांना पुढे मुलंबाळं होऊ नयेत म्हणून सरकारी संस्थेत काहीतरी छोटी शस्त्रक्रिया. डॉक्टर प्रॅटांनीच लिहिलंय."

"मंदबुद्धी कोण, हे कोण ठरवणार?"

"डॉक्टर ठरवतील की. सिग्नी, आपल्या गावात असं आहे तरी कोण? मटण वाढ जरा."

मी मटण वाढलं. विधेयक बाबांच्या बॅगेत होतं. मला इंग्रजी झरझर वाचता येत होतं. ते बाहेर काढा असं मी म्हटलं नाही.

बाबांनी होकार दिला, डॉक्टर प्रॅटांचं विधेयक पास झालं, आणि पुलाचा प्रस्तावही सात मतांनी पास झाला. पुढच्या वर्षी उद्घाटनाला वाजंत्री आली, बायकांनी टेबलं भरून बटाट्याच्या पोळ्या, म्हणजे आमच्या लेफ्सा, केल्या, आणि पुलाच्या तोंडाशी बाबांचं नाव कोरलेली दगडी पाटी बसली. एरिक मामा मलईच्या जुन्या गोष्टीवरून बाबांना चिडवत होता. बाबांना एवढं आनंदात मी कधी पाहिलं नव्हतं.

माझ्या वर्गात टोरा ओस्बी नावाची एक मुलगी होती. तिची आई ओलीना विधवा होती आणि लोकांचे कपडे धुवायची. ओलीना आणि बाबा एकाच बोटीतून या देशात आलेले, त्यामुळे ती त्यांना अरेतुरे करायची. टोरा सात वर्षांची असताना तिला लाल ताप आला. त्यानंतर ती प्रश्नांना भलतीच उत्तरं द्यायची, कधी उत्तरच द्यायची नाही. हाक मारली तरी खिडकीबाहेर बघत बसायची. मी तिला शेवटच्या बाकावर बसवलं आणि माझं काम हलकं केलं.

१९१५ मध्ये जिल्ह्याकडून शाळेत एक छापील तक्ता आला. मागे पडलेल्या मुलांची नावं आणि कारण लिहायचं होतं. टोराच्या नावापुढे मी लिहिलं, "बुद्धी मंद. शिकवून उपयोग नाही." चांगल्या, वळणदार अक्षरात लिहिलं.

अधिवेशन नसेल तेव्हा बाबा अजूनही डेअरीत काम करायचे. त्याच सुमारास ओलीना तिथं त्यांच्याकडे आली. "पोरीला काहीतरी हातकाम शिकव रे कुठंतरी. मी गेल्यावर तिचं काय?"

राज्याच्या संस्थेत शिवणकाम शिकवतात हे बाबांना माहीत होतं. त्यांनी शिफारसपत्र दिलं, जोडीला माझा तक्ता गेला, आणि पंधरा वर्षांची टोरा नवी टोपी घालून गाडीत बसली. दोन वर्षांनी संस्थेकडून एक कागद आला. इंग्रजीत, चार पानी. ओलीना तो घेऊन सकाळच्या गर्दीत डेअरीत आली. बाबांच्या एका हातात नळी होती. त्यांनी कागदाची वरची ओळ वाचली. मुलीला घरी सोडण्याबद्दल, असं तिथं होतं.

"सही कर, ओलीना. पोरगी घरी येईल," ते म्हणाले.

ओलीनानं सही केली. टोरा घरी आली. पोटावर व्रण होता. आतडं सुजलं होतं म्हणून कापलं, असं तिला तिथं सांगितलेलं. ती शिवण छान करायची. पुढे नेल्स ब्रेकेशी तिचं लग्न झालं, त्या लग्नात मी नाचलेसुद्धा. नेल्सला मुलांची फार हौस. तीन वर्षं झाली तरी पाळणा हलेना, तेव्हा दोघं गावातल्या डॉक्टरकडे गेली. त्यानं व्रण बघितला आणि संस्थेला पत्र लिहिलं. उत्तर यायला महिना लागला: घरी सोडण्याआधी कायद्याप्रमाणे ती शस्त्रक्रिया केली होती, आईची संमतीची सही होती.

ते उत्तर हातात घेऊन ओलीना भर दुपारी आमच्या स्वयंपाकघरात आली. मी कॉफी पुढे केली. तिनं कपाकडे बघितलंही नाही.

"हाल्वर, हा कायदा तुम्ही लोकांनी केलात?"

बाबांनी पत्र हातात घेतलं. बोट ओळीवर ठेवून ते वाचू लागले. फार वेळ लागला.

"तू हात वर केला होतास?" ओलीनानं विचारलं.

"हो."

"आणि त्या कागदावर मला सही कर म्हणालास, तेव्हा वाचला होतास का?"

"नाही."

"मला वाचता येत नाही, म्हणून मी तुझ्याकडे आले होते." एवढंच बोलून ती उठली. जाताना तिनं दार हळूच लावलं. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी टोराच्या घरी गेलो. ती मशीनवर शिवत होती. तिनं आम्हाला बसा म्हटलं नाही. बाबा टोपी हातात धरून उभ्यानंच सगळं बोलले. पुलाचं, मताचं, कागदाचं. काहीच लपवलं नाही. टोरा त्यांच्या तोंडाकडे एकटक बघत होती. ती ओठ वाचत होती. संस्थेतल्या एका स्वयंपाकिणीनं तिला ते शिकवलं होतं. त्या तापापासून तिला ऐकू येत नाही हे तिथं पहिल्या आठवड्यात त्याच स्वयंपाकिणीच्या लक्षात आलं होतं. माझ्या वर्गात ती आठ वर्षं होती.

मी म्हणाले, "टोरा, मला खरंच कळलं नव्हतं गं."

"बाई, तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलायचात," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि मला कुठं बघावं ते कळेना.

बाबांनी सांगितलं की ते हा कायदा रद्द करायला उभे राहणार आहेत. टोरा म्हणाली, "उभे राहा. पण माझं नाव घ्यायचं नाही. गावात मला अजून राहायचंय."

"नाही घेणार," बाबा म्हणाले.

१९२३ च्या अधिवेशनात त्यांनी विधेयक मांडलं. मी वरच्या सज्जात बसले होते. बाबांनी भाषण स्वतः लिहिलं होतं आणि सगळ्या सभागृहासमोर ते ओळीवर बोट ठेवून वाचत होते. मागच्या बाकांवर खसखस पिकली. पुलासाठी आपण मत विकलं असं ते बोलले तेव्हा हसणं थांबलं आणि आरडाओरडा झाला, कारण अशी देवाणघेवाण तिथल्या प्रत्येकानंच केलेली होती.

डॉक्टर प्रॅट उभे राहिले. केस पांढरे झाले होते, आवाज तोच गोड. "सन्माननीय सदस्यांनी तेव्हा होकार दिला होता. त्यांना तेव्हा वाचता येत नव्हतं का?"

"येत होतं," बाबा म्हणाले. "सावकाश. मी वाचलंच नाही."

"ठीक. ज्या मुलीवर अन्याय झाला म्हणता, तिचं नाव सांगा. आपण नोंदी मागवू."

नाव सांगितलं असतं तर काही मतं फिरली असती, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बाबांनी एकदा वर सज्जाकडे पाहिलं.

"नाव सांगणार नाही."

"मग अशी मुलगी आहे कशावरून?" डॉक्टर हसून खाली बसले. विधेयकाला नऊ मतं पडली.

गावात त्याचा भलताच अर्थ झाला. पूल मत विकून आणला हे वर्तमानपत्रात छापून आलं, आणि पलीकडच्या शेतकऱ्यांना तो अपमान वाटला. डेअरीत कुणी तरी म्हणालं, "आता तराफ्यावरून जायचं का आम्ही, तुमच्या मनाची टोचणी जावी म्हणून?" त्याला काय म्हणावं हे मला आजवर सुचलेलं नाही. पूल झाल्यापासून नदीत एकही माणूस बुडालेलं नाही. १९२४ च्या निवडणुकीत बाबा पडले. आपल्या नावाची पाटी काढा असा अर्ज त्यांनी गावसभेला केला, तर अध्यक्ष म्हणाले, "हाल्वर, दगड फोडायला माणूस लागतो, राहू दे." पाटी राहिली.

पुढची सहा वर्षं बाबा डेअरीतच होते. कुणीही कागद घेऊन आलं की ते हातातलं काम खाली ठेवायचे आणि पूर्ण कागद दोनदा मोठ्यानं वाचायचे. रांगेतले लोक कंटाळायचे, कुरकुरायचे. बाबा थांबायचे नाहीत. ते ऐकताना मला त्यांचा अभिमान वाटायला हवा होता. पण समोरच्या रस्त्यानं ओलीना धुण्याची टोपली घेऊन जायची आणि मी दुसरीकडे बघायचे.

मी जिल्हा कचेरीत जाऊन माझा तो तक्ता बदलून द्यायला सांगितला. कारकून सभ्य होता. म्हणाला, जुन्या नोंदी बदलता येत नाहीत, फार तर नवा अर्ज जोडता येईल. मी जोडला. तो कुणी वाचला की नाही, माहीत नाही. कायदा आजही तसाच आहे.

बाबा १९३० च्या मार्चमध्ये गेले. अंत्यविधीला टोरा आणि नेल्स आले होते, सगळ्यांसारखे येऊन गेले. शेवटच्या दिवसांत बाबांनी मला विचारलं होतं, "तिनं मला माफ केलं असेल का गं?" मी हो म्हणाले. तेही मी तिला न विचारताच सांगितलं.