गोठा नसलेलं गाव

कोल्हापुरातल्या आमच्या विज्ञान संग्रहालयात महापुराचं एक मॉडेल होतं. बटण दाबलं की नदी चढायची, इवली इवली घरं बुडायची आणि सहलीला आलेली पोरं टाळ्या पिटायची. मी तिथं माहिती सांगायचो. त्या टाळ्या मला आवडायच्या.

कृष्णेला मोठा पूर येऊन गेला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यात शिरोळकडची एक शाळा आली. सोबत शाळेत खिचडी शिजवणारी बाई होती. पोरं पुढं गेली तरी ती मॉडेलपाशीच उभी. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. पाणी ओसरलं की पुन्हा बटण दाबायची.

"मावशी, समजलं का?" मी विचारलं.

"ह्यात गोठा न्हाय की."

"पाणी कसं चढतं, तेवढंच दाखवलंय."

"व्हय. पण म्हशीचं दावं सोडायला माणूस मागं फिरतोच की, पावणं. आमचं मालक फिरलं. ते कुठं दावलंय ह्यात?"

ती पोरांच्या मागं निघून गेली.

त्यानंतर मी पोरांना आधी विचारायचो, या घरात कोण कोण राहत असेल? पोरं सांगायची. आजी, तान्हं बाळ, कुत्रं, म्हैस.

मग बटण दाबायला कुणी पुढं यायचं नाही.