पाती न काढता बॅटरी जोडली

मंडळी, घरात ड्रोन दुरुस्त करताना आधी पाती काढा, असं परवा या ग्रुपवर मीच लिहिलं होतं.

उमेळ्यात चार दिवस वादळी पाऊस आहे, म्हणून आज जेवणाच्या टेबलावर मोटर बदलली. ती नीट फिरते का पाहायला बॅटरी जोडून सुरू केली आणि ड्रोन उसळून ताट उचलणाऱ्या आईच्या हातावर गेला. तिची काचेची बांगडी फुटली. हात थोडक्यात वाचला.

मला सोल्डरिंग शिकवणारे बाबा धावत आले. "पाती काढली होतीस ना?"

"काढली होती तिने," आई म्हणाली.

"मग उडाला कशाने?"

"नव्हती काढली, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. मी तिथेच चारही पाती काढली.

खरं सांगा, तुम्ही दर वेळी काढता?