दर जूनला नव्या मुली

मोठ्या टीचर रागावल्या की त्यांचा आवाज खाली जायचा. इतका खाली, की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागे, आणि वाकलेल्या माणसाला उद्धट उत्तर देता येत नाही. उंचीने त्या जेमतेम फळ्याच्या मध्यापर्यंत पोचायच्या. आडनाव साळवे. पण राहात्याच्या त्या इंग्रजी शाळेत सगळे त्यांना मोठ्या टीचरच म्हणत, कारण कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या नव्या टीचरांना हाताशी धरून शिकवण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

मी बी.एड. झाले आणि तिथे लागले. मूळची तिसगावची. घरी 'आमी' आणि 'पानी' बोलून वाढलेली, त्यामुळे वर्गात प्रत्येक शब्द तपासून तोंडाबाहेर काढायची. वाक्य संपेपर्यंत तिसरीची मुलं खिडकीबाहेर बघत असायची. मोठ्या टीचर शेवटच्या बाकावर गुडघे वर काढून बसायच्या आणि तास संपेपर्यंत एक अक्षर बोलायच्या नाहीत. मुलांसमोर नव्या टीचरची चूक त्यांनी कधीच काढली नाही. बाहेर व्हरांड्यात आल्यावर मला म्हणाल्या, "वैशाली, तू मुलांशी बोलत नव्हतीस. स्वतःच्या जिभेवर पहारा देत होतीस."

"मग काय करू, टीचर?"

"चुकू दे की. पोरं दुरुस्त करतील. त्यांना लई आवडतं ते."

तो 'लई' त्यांनी मुद्दाम वापरला होता, हे मला कळलं. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या तासाला माझ्या तोंडून 'पानी' गेलंच. एक मुलगी ताडकन उठली, "टीचर, पाणी!" मी म्हणाले, "व्हय, पाणी." सगळा वर्ग खळखळून हसला, मीही हसले, आणि त्या दिवसापासून तो वर्ग माझा झाला. मागच्या बाकाकडे पाहिलं, तर मोठ्या टीचर पदराने डोळे पुसत हसत होत्या.

त्यांना या कामाचा खरोखर आनंद व्हायचा. जून आला की त्या वेगळ्याच दिसतात, असं शाळेत सगळे म्हणत. थर्मासमधून घरचा गवती चहा आणायच्या आणि मधल्या सुट्टीत आम्हा नव्या मुलींना पाजायच्या. "नव्या माणसाच्या चुका ताज्या असतात," म्हणायच्या, "धुतल्या की निघतात. आम्हा जुन्यांच्या मुरलेल्या." एकदा मी विचारलं, दरवर्षी तेच ते शिकवून कंटाळा येत नाही का? त्या म्हणाल्या, "अगं, वर्ग नव्या मुलीचं पहिल्यांदा ऐकतो ना, तेव्हा तिचं तोंड बघायला मी येते इथे."

आणि अशा बाईच्या कामाची त्या शाळेने काय माती केली, ते आठवलं की आजही माझं डोकं तापतं. जूनमध्ये घेतलेल्या मुलींना एप्रिलमध्ये पेपर तपासून घेऊन घरी पाठवायचं, ही तिथली रीत. "गरज लागली तर बोलावू," एवढंच सांगायचं. सुट्टीचा पगार द्यायला नको, पगारवाढ मागायला कुणी जुनं व्हायला नको. पुढच्या जूनला पुन्हा नव्या मुली. पालकांना मात्र माहितीपत्रकात रंगीत फोटो दाखवून सांगायचं, आमच्याकडे तरुण आणि उत्साही शिक्षक आहेत! तरुण असणारच. म्हातारं व्हायला तुम्ही कुणाला ठेवता कुठे? मोठ्या टीचरांनी वर्षभर खपून एकेक मुलगी उभी करायची आणि ती नीट उभी राहिली की यांनी तिला दाराबाहेर काढायचं.

माझ्या वर्षी जानेवारीत चौथीची टीचर लग्न होऊन गेली. तिच्या जागी कुणाला घेण्याऐवजी संस्थेच्या अध्यक्षांनी तिसरी आणि चौथी, दोन्ही वर्ग माझ्या गळ्यात मारले. "थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे," म्हणाले. मोठ्या टीचरांनी त्यांना ऑफिसात जाऊन सांगितलं, पुन्हा जाऊन सांगितलं, की एका माणसाला दोन खोल्यांत उभं राहता येत नाही. अध्यक्ष दोन्ही वेळा मोबाईलमध्ये बघत "बघू" म्हणाले. मी इथे फळ्यावर उदाहरणं लिहायची आणि तिकडे पळायची.

एका दुपारी मी चौथीवर असताना तिसरीतल्या एका मुलीने कपाटावरचा डबा काढायला बाकावर बाक चढवला. ती पडली आणि तिचा हात मोडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिचे वडील आले. पेरूच्या बागा असलेले रांगडे गृहस्थ. सोबत दोघं भाऊबंद. मला ऑफिसच्या दारात उभं केलेलं होतं. "कोन हुतं वर्गावर?" त्यांनी विचारलं.

अध्यक्षांनी माझ्याकडे बोट केलं. "ही नवीन मुलगी आहे. कॉलेजातून सरळ आलेल्या या मुलींना जबाबदारीच कळत नाही हो. दिवसभर मोबाईल! तुम्ही काळजी करू नका, आजच काढतो हिला."

तेवढ्यात माझ्या मागून मोठ्या टीचर आत गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. त्यांचा आवाज असा खाली गेला होता की तिन्ही पाहुणे खुर्चीत पुढे सरकले.

"दादा, ही त्या वेळी चौथीवर शिकवत होती. तिसरी आणि चौथी, दोन्ही हिच्याकडेच दिल्यात. मी साहेबांना सांगितलं होतं की काहीतरी होईल. हिच्या हातात मोबाईल नव्हता, खडू होता. तुमच्या लेकीचं मला फार वाईट वाटतं. पण चूक हिची नाही."

"टीचर, तुम्ही बाहेर जा," अध्यक्ष म्हणाले.

"जाते. पण मी सांगितलं होतं की नाही, तेवढं आधी यांना सांगा."

अध्यक्ष टेबलावरचे कागद सारखे करू लागले. मुलीच्या वडिलांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. "म्हंजी दोन वर्गाला एक बाई? आन फी तर दोन्ही वर्गाची घेता की तुमी!" ते उठले. "या पोरीला काढायचं न्हाई. वर्गाला बाई द्या. न्हाईतर समदे पालक घेऊन येतो."

आठवड्याच्या आत चौथीला टीचर आली. मी एप्रिलपर्यंत राहिले आणि मग रीतीप्रमाणे घरी गेले. ते मला अपेक्षितच होतं. पण मोठ्या टीचरांची शिक्षा वेगळी होती. पुढच्या जूनला नव्या मुली त्यांच्याकडे दिल्याच नाहीत. पुण्याहून कोट घातलेला एक ट्रेनर आणला. त्याने हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला, मुलींना टाळ्या वाजवायला लावल्या, 'आय ॲम द बेस्ट' असं ओरडायला लावलं आणि संध्याकाळच्या आत तो परत गेला. मोठ्या टीचरांना लायब्ररी दिली. लायब्ररी म्हणजे जिन्याखालची दोन कपाटं. पगार कापला असता तर त्या बोलल्या असत्या. पण ज्या कामासाठी त्या सकाळी उठायच्या, तेच काढून घेतलं, आणि वर म्हणायचं काय, तर "टीचर, तुमच्या वयाचा विचार केला!"

त्या निवृत्त झाल्या तेव्हा मी राहुरीजवळच्या एका शाळेत लागले होते. शाळेचं आमंत्रण नव्हतं, पण टीचरांनी "ये" म्हटलं म्हणून गेले. अध्यक्षांनी शाल पांघरली आणि "टीचरांनी नव्या पिढीला घडवलं" असं लांबलचक भाषण केलं. मला खुर्चीत बसवत नव्हतं. मग टीचर उठल्या. "मी घडवलेल्या मुलींपैकी एकही आज या शाळेत नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या दुसऱ्यांच्या शाळांत शिकवतात. छान शिकवतात. कुणाला वेळ असेल तर जाऊन बघा." आणि खाली बसल्या. टाळ्या वाजवाव्यात की नाही, हे कुणाला कळेना.

आता आमच्या शाळेत नव्या मुली माझ्याकडे असतात. या एप्रिलमध्ये मलाही सांगण्यात आलं, "यंदाच्या दोघींना तुम्हीच कळवा, पुढच्या वर्षी येऊ नका म्हणून." मी म्हणाले, मी कळवणार नाही. दोघी उत्तम शिकवतात. काढायचं असेल तर तुम्ही समोर बसवून कारण सांगा. बरीच वादावादी झाली. शेवटी एक राहिली. दुसरीला काढलंच.

त्या दिवशी घरी आल्या आल्या मी टीचरांना फोन लावला. त्या आता नाशिकला मुलीकडे असतात, ऐकू कमी येतं. मी अक्षरशः ओरडून सगळं सांगितलं. कसले हे लोक, यांना लाज कशी वाटत नाही, आपण मरमर करून मुलगी तयार करायची आणि यांनी ती फेकून द्यायची. टीचरांनी मला मध्ये एकदाही थांबवलं नाही. माझं संपल्यावर विचारलं, "काढली तिचं नाव काय?"

"अश्विनी."

"घरी रडत बसली असेल आत्ता."

"असेल, टीचर."

"तिचा नंबर सांग. सावकाश सांग, मी लिहून घेते."