स्टेजकडचा कोपरा

वैजू परब आउट जाणाऱ्या बॉलमागेसुद्धा धावायची. बॉल रेषेच्या हातभर बाहेर पडणार हे शेंबड्या पोरालाही दिसत असायचं. नुसतं बघत उभी राहिली असती तरी पॉइंट हिचाच होता. पण ही बया जिवाच्या आकांताने धावणार आणि तिथपर्यंत पोचून दाखवणारच. "अगं, आउट होता तो!" मी जाळीच्या या बाजूने ओरडायचो. "पडल्यावर कळतं ना रे ते, मंदारदादा. पडायच्या आधी मी कोण ठरवणार?" असं म्हणून पुढचा बॉल मागायची.

मी मुलुंडच्या एका क्लबात मुलांना टेनिस शिकवतो. स्वतः राज्य पातळीवर दुसऱ्या फेरीच्या पुढे कधी गेलो नाही. वैजू देशातल्या पहिल्या दोघी-तिघींत होती आणि मुंबईत असली की सरावाला तिला मी लागायचो. दहा वर्षं मी तिच्याकडून हरलो. लोक मला "वैजूचा पार्टनर" म्हणून ओळखायचे. मी हसून मान डोलवायचो, पण आत कुठेतरी ते टोचायचं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजेल.

तिचे वडील परबकाका गिरणी बंद पडल्यावर त्याच क्लबात कोर्टाची देखभाल करायला लागले. पाणी मारणं, रोलर फिरवणं, चुन्याच्या रेषा आखणं. मेंबर लोक यायच्या आत पहाटे पोरगी तिथे खेळून घ्यायची. पुढे ती जगभर फिरली, पण मेंबर आले की कोर्ट सोडायची सवय तिच्या अंगातून गेली नाही. कोणीही पोटसुटका काका रॅकेट काखोटीला मारून आला की हिचा सराव संपला. "जाऊ दे ना रे, आपलं काय जातंय," हे तिचं दुसरं वाक्य. आपलं काय काय जातं याचा हिशेब तिने कधी केला नाही. तो तिच्या वतीने आम्हीही केला नाही.

एका स्पर्धेत तिच्या उजव्या गुडघ्यातला लिगामेंट तुटला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी नऊ महिने सांगितले. सहा महिन्यांनंतर सरळ पळायचं, अचानक वळायचं मात्र नाही. जखमी खेळाडूचं जुनं मानांकन काही काळ राखून ठेवतात, त्याच्या जोरावर तिला परदेशातल्या एका मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत थेट खेळता येणार होतं. पण त्याला मुदत होती. ती हुकली की पुन्हा तळापासून चढायचं, आणि सव्विसाव्या वर्षी ते कोणाला जमत नाही. म्हणजे ही एकच संधी.

ऑपरेशननंतरच्या सात महिन्यांत मी जी वैजू पाहिली तिला तोड नाही. रोज सकाळी दोन तास व्यायाम. दुखलं की ओठ घट्ट मिटायचे आणि कपाळावर घाम यायचा, पण ओरडणं नाही. डॉक्टरांनी वीस वेळा सांगितलं तर वीसच, एकविसावी वेळ नाही. "गुडघा सध्या डॉक्टरांचा आहे रे. मला नुसता वापरायला दिलाय. नीट परत करायला पाहिजे." सातव्या महिन्यात ती माझ्याशी उभ्या उभ्या खेळायला लागली आणि तिचा बॅकहँड माझ्या कानाजवळून सूं करून गेला, तेव्हा मला खरंच आनंद झाला होता. माझ्यावर विश्वास ठेवणं वाचकांना जड जाईल, पण झाला होता.

मग आम्ही दोघं राहायचो त्या कॉलनीने तिचा सत्कार करायचं ठरवलं. माघी गणपती होता. आमच्याकडे माणूस मोठा झाला की त्याला शाल-श्रीफळ दिल्याशिवाय कोणाला चैन पडत नाही. मंडळाचे सेक्रेटरी सावंतकाका यांच्या डोक्यातून निघालं की नुसता सत्कार काय, कंपाउंडमध्ये एक छोटा सामनाच ठेवू. पेव्हर ब्लॉकवर! बॅडमिंटनची जाळी खाली बांधून!

"काका, तिला वळायचं नाहीये अजून," मी म्हटलं.

"अरे, वळायला कोण सांगतोय? उभ्या उभ्या दहा मिनिटं रॅकेट फिरवा. आपलीच माणसं आहेत!"

वैजूने मान हलवली होती. नाही म्हणालीच होती ती. पण परबकाकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आपल्या माणसांका नाय म्हणूचा नसता गो बाय. तू आजारी होतस तेव्हा हीच माणसा धावली." झालं. तिने माझ्याकडे बघितलं. "मंदारदादा आहे ना समोर. मग काय टेन्शन नाय."

सत्काराच्या दिवशी पाटणकरकाकूंनी पहाटेपासून बसून गणपतीची रांगोळी काढली होती. स्टेजसमोर, वैजूच्या बाजूला, अगदी जाळीजवळच्या कोपऱ्यात. आता ती पुसा असं कोण म्हणणार? सावंतकाकांनी आम्हा दोघांना बोलावून सांगितलं, "स्टेजकडच्या कोपऱ्यात बॉल टाकायचा नाही. गणपती आहे तिथे." आम्ही दोघांनी हो म्हटलं.

खेळ सुरू झाला. वैजू जागेवर उभी राहून मारत होती आणि तरीही माझी दमछाक होत होती. अख्खी कॉलनी खुर्च्यांवर. माझी बायको, माझ्याकडे शिकणारी मुलं, त्यांचे आईबाप. सावंतकाका माईकवर सुटले होते. "काय मंदार सर! पोरगी सात महिने बिछान्यात होती, तरी आपली वाट लागली का?" लोक हसले. मुलं हसली. पुढच्या बॉलला पुन्हा काहीतरी बोलले, पुन्हा हशा. माझे कान तापले.

आणि मी ड्रॉप मारला. जाळीला चाटून पलीकडे अलगद पडणारा बॉल. स्टेजकडच्या कोपऱ्यात.

ती धावली. धावणारच होती, ते काय मला माहीत नव्हतं? दोन ढांगांत पोचली, बॉल उचलला, परतही मारला. पण पुढचं पाऊल रांगोळीवर पडणार होतं. गणपतीवर पाय पडू नये म्हणून तिने ते हवेतच वळवलं आणि सगळा भार उजव्या गुडघ्यावर आला. ती एका पायावर वाकलेली असताना परत आलेला बॉल मी मोकळ्या जागेत मारून टाकला. टाळ्या पडल्या. सावंतकाका ओरडले, "झकास!"

वैजू हळूच सरळ झाली. "बस झालं काका, आरतीची वेळ झाली," म्हणाली आणि हसली. मग तासभर स्टेजवर बसून तिने भाषणं ऐकली, शाल घेतली, नारळ घेतला, प्रत्येकाबरोबर फोटो काढले. गुडघा तोवर टम्म सुजला होता.

डॉक्टरांकडे जाताना रिक्षात ती एवढंच बोलली, "बाबांना कळता कामा नये. त्यांनीच पाठवलं ना मला." डॉक्टरांना, आणि नंतर घरीही, तिने सांगितलं, बाथरूममध्ये पाय घसरला. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं, मी जमिनीकडे. लिगामेंट पुन्हा फाटला होता.

कॉलनीला काय, चघळायला विषय मिळाला. "एवढी मोठी खेळाडू, आणि बाथरूममध्ये पडते म्हणजे काय!" सावंतकाका तर म्हणाले, "बघून चालायला नको? आपण एवढा सत्कार केला!" परबकाकांनी छिन्नी-हातोडा आणला आणि चार दिवस उकिडवं बसून बाथरूमची फरशी ठोकून खडबडीत केली. मी भेटायला गेलो तर म्हणाले, "माझ्याच घरातली फरशी माझ्या चेडवाच्या मुळावर इली रे मंदार." मी त्यांच्यासमोर चहा प्यायलो. खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

मुदत गेली. दुसऱ्या ऑपरेशननंतर वैजू एकच सामना खेळली, एका छोट्या स्पर्धेत, आणि मी प्रेक्षकांत होतो. समोरच्या कोवळ्या पोरीने एक साधा बॉल कोपऱ्यात टाकला. वैजू जागची हलली नाही. त्या बॉलचे दोन टप्पे पडताना तिने नुसतं बघितलं. सामना संपायच्या आतच मी उठून बाहेर आलो. मला बघवलं नाही.

पुढे तिला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, नागपूरला. जायच्या आदल्या दिवशी ती क्लबात आली. मी मुलांना सोडून बाहेर आलो. इकडचं तिकडचं बोलणं झालं. नागपूरचा उन्हाळा, बाबांची तब्येत. मग तिने सहज विचारावं तसं विचारलं, "दादा, त्या दिवशी स्टेजकडच्या कोपऱ्यात तू मुद्दाम मारलास ना?"

दोन वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होतो. उत्तरही पाठ करून ठेवलं होतं, खरं उत्तर. तोंडातून आलं ते वेगळंच. "छे गं! चुकून लागला. मला रांगोळी दिसलीच नाही."

वैजूने माझ्याकडे नीट बघितलं. चिडली असती, रडली असती, तरी मी सुटलो असतो.

"चुकून असा नाय लागत रे," ती म्हणाली. "मस्त होता शॉट."

आणि ती गेली. दहा वर्षं मी तिच्याशी खेळलो. माझ्या खेळाचं तिने केलेलं हे एकुलतं एक कौतुक.